डळमळते कमोड वेळीच पक्के करा

आजीच्या गुडघ्यांसाठी कमोड बसवले आणि तेच डळमळू लागले, तर म्हातारे माणूस पडायला वेळ लागत नाही. आधी बुडाशी पाहा. ओल किंवा दुर्गंधी असेल तर गवंड्याकडून भांडे उचलून खालचा सांधाच नवा करून घ्या. वरून सिमेंट थापणे म्हणजे नुसता रोग झाकणे. कोरडे असेल तर फटीत प्लॅस्टिकची पातळ पाचर सारा. लाकडाची नको, ती कुजते. मग दोन्ही बाजूंचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. चिनी मातीचे भांडे आहे, नांगराचा बोल्ट नव्हे. जोर केलात तर तडकेल! कडेने पांढरे सिमेंट भरा, पण मागे बोटभर जागा मोकळी सोडा, म्हणजे पुढे गळती झाली तर दिसेल. पुरा एक दिवस कोणालाही बसू देऊ नका.