ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली?

दाढ दुखते तेव्हा माणसाला दुसरं काही सुचत नाही आणि ती दुखायची थांबली की तिची आठवणही राहत नाही. दातातला संसर्ग याच विसरभोळेपणावर वाढतो. त्याच्या खोड्या, त्याचा इतिहास आणि त्याला रोखायचे उपाय जाणून घेण्यासारखे आहेत. वाचा आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या.

अश्मयुगातलं ड्रिल

बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या उत्खननात ९ माणसांच्या ११ दाढांना कोरून पाडलेली भोकं सापडली. वय सुमारे ७५०० ते ९००० वर्षं! ड्रिलचं टोक गारगोटीचं होतं. भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे ही माणसं नंतरही त्याच दाढांनी चावून खात होती. २००६ साली हे संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं.

दातात किडा नसतोच

दात किडा पोखरतो ही समजूत थेट बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही कोरलेली आहे. तो ‘किडा’ पाडण्यासाठी आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेत, युरोपात खुरासानी ओव्याची. युरोपातल्या त्या धुरीत पडणारे पांढरे ‘किडे’ म्हणजे तापून फुटलेल्या बियांतले कोंब होते! पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८च्या आपल्या ग्रंथात किड्याची कल्पना नाकारली. १८९० मध्ये अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी खरं कारण मांडलं: तोंडातले जीवाणू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं.

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं

साखर किंवा पिठाचा कण मिळाला की जीवाणू काही मिनिटांत आम्ल सोडतात. तोंडातला पीएच ५.५च्या खाली उतरला की दाताच्या वरच्या कठीण थरातले, म्हणजे इनॅमलमधले क्षार निघू लागतात. लाळेला ही आम्लता घालवायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे जेवणात खाल्लेल्या पुरणपोळीपेक्षा दिवसभर थोड्या थोड्या वेळानं घेतलेला गोड चहा, त्यात बुडवलेलं बिस्कीट आणि चघळलेली गोळी दातांना जास्त महागात पडते. गोड जेवणासोबतच उरकावं.

शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण असहाय

इनॅमल हाडापेक्षाही कठीण. वजनाच्या सुमारे ९६ टक्के नुसते क्षार. पण त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. त्याआधी दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर फ्लोराइड आणि स्वच्छता यांनी कीड मागे फिरवता येते. पुढं गेलात की फिलिंग, त्याच्या पुढं रूट कॅनाल.

रात्रीच का ठणकतं?

दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गर असतो. जीवाणू तिथं पोचले की गर सुजतो, पण चारही बाजूंनी कठीण भिंती असल्यानं सुजेला जागाच मिळत नाही. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो आणि ठणका असह्य होतो. उशी उंच घेतली की जरा बरं वाटतं ते यामुळेच.

अचानक शांत झालं? तेव्हाच जा

ही या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. आठ दिवस जीव खाणारी दाढ एका सकाळी गप्प होते आणि घरचे म्हणतात, ‘सुटलास बाबा!’ पुष्कळदा घडलेलं असतं ते असं: आतली नस मेलेली असते. दुखणं सांगणारंच कुणी उरलेलं नसतं. जीवाणू मात्र जिवंत असतात आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत असतात. तिथं पू साठतो. काही दिवसांनी हिरडीवर पुटकुळी येते, ती फुटून तोंडात खारट, घाण चव येते आणि दाब कमी झाल्यानं पुन्हा बरं वाटतं. हा आरामही फसवा असतो.

नुसत्या गोळीनं का भागत नाही?

मेलेल्या गरात रक्त फिरत नाही, त्यामुळे अँटिबायोटिक तिथवर पोचतच नाही. गोळीनं सूज उतरते, उगम तसाच राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत दाढ पुन्हा डोकं वर काढते. खरा उपाय म्हणजे रूट कॅनाल करून दात आतून साफ करणं किंवा दात काढणं आणि पू असेल तर त्याला वाट करून देणं. ताप आला, सूज पसरू लागली तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात. मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नये. लवंग तेलातल्या युजेनॉलनं दात थोडा वेळ बधिर होतो, तेवढाच त्याचा उपयोग. दुखऱ्या दाताशी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरणं मात्र बंद करा, हिरडी भाजते.

घड्याळाच्या स्प्रिंगपासून सुरुवात

१८३८ मध्ये अमेरिकेतल्या एडविन मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून दाताच्या आतली नळी साफ करायचं हत्यार बनवलं. १८९६ मध्ये जर्मनीत ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, त्यासाठी त्यांना तब्बल २५ मिनिटं स्थिर बसावं लागलं. आज तोच एक्स-रे क्षणात मिळतो.

राजाची दाढ

फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या डाव्या बाजूच्या वरच्या दाढा १६८५ मध्ये काढताना जबड्याचा तुकडाच निघाला आणि टाळूला भोक पडलं. पाणी प्यायला गेलं की नाकातून येई. जखम तापलेल्या लोखंडानं डागली, तीही भूल न देता. अमेरिकन दंतवैद्य होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड वायूच्या भुलीखाली स्वतःची दाढ काढून घेतली ती पुढं १८४४ मध्ये. आज तालुक्याच्या गावातही भुलीचं इंजेक्शन मिळतं. भीतीपोटी दिवस ढकलायचं कारण उरलेलं नाही.

सहाव्या वर्षीची दाढ

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं गुपचूप एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता आल्यामुळे आईवडील तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते! तिच्या खाचा डॉक्टरांकडून सीलंटनं भरून घ्या. दुधाचे दात पडणारच म्हणून सोडूनही देऊ नका. त्यांच्या मुळाशी झालेला पू खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा करू शकतो.

मिश्री म्हणजे मंजन नव्हे

गावोगावी बायका अजून मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखू आहे. तिनं दात स्वच्छ होत नाहीत, हिरड्यांचं नुकसान होतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. घरातल्या आजीला, काकूला हे प्रेमानं समजावून सांगा.

ब्रशचे तीन नियम

पहिला: रात्री झोपण्यापूर्वी ब्रश कराच, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जीवाणूंना मोकळं रान मिळतं. दुसरा: फ्लोराइडची पेस्ट वापरा, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत मटारच्या दाण्याएवढी. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथं मुलांच्या पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा. तिसरा: फेस थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. मधुमेह असेल तर हिरड्यांना दुप्पट जपा, हिरड्यांचा संसर्ग आणि साखर एकमेकांना बिघडवतात.

इथं रात्र उलटू देऊ नका

सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकतेय, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, जीभ वर उचलली गेलीय, ताप आहे, श्वास कोंडतोय? दवाखाना उघडायची वाट न बघता मोठं रुग्णालय गाठा. जबड्याखाली पसरणाऱ्या अशा संसर्गाचं वर्णन जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये केलं होतं. तो आजही श्वासाची वाट बंद करून जीव घेऊ शकतो.

आणि शेवटचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचे आजार आहेत आणि त्यातले बहुतेक टाळता येण्याजोगे आहेत. लहान खड्डा डॉक्टर एका बैठकीत भरतात. तोच वर्षभर सोडला तर रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च, त्याहून उशीर केला तर दातच जातो. म्हणून वर्षातून एकदा दात दाखवून या, काहीही दुखत नसताना.