आधी नकाशा, मग तार



घर बांधायचे असेल तर आपण काय करतो? एकदम विटा रचायला लागतो का? नाही. घरात किती माणसे राहणार, स्वयंपाकघर कोठे असेल, पाणी कोठून येईल, याचा आधी विचार करतो आणि कागदावर नकाशा काढतो. शाळा, दवाखाना, बँक अशा संस्थेत संगणकांचे जाळे उभारतानाही असेच करावे लागते. या जाळ्याला 'नेटवर्क' म्हणतात.

दोन किंवा अधिक संगणक तारेने अथवा बिनतारी पद्धतीने एकमेकांना जोडले की नेटवर्क तयार होते. मग एकच प्रिंटर सर्वांना वापरता येतो. कार्यालयात तयार केलेली यादी मुख्याध्यापकांना आपल्या खोलीत बसून पाहता येते. १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी 'इथरनेट' या पद्धतीची कल्पना मांडली. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. आजही संस्थांमधील तारांची बहुतेक जाळी याच पद्धतीच्या सुधारलेल्या रूपावर चालतात.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत शिकवीत होते, तेथील एक प्रसंग सांगते. त्या शाळेत नेटवर्क होते, पण त्याचा नकाशा नव्हता. जसजसे संगणक आले, तसतशा तारा जोडल्या गेल्या. कोणती तार कोठे जाते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. दहावीच्या परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरण्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी अचानक सारे संगणक ठप्प झाले. आम्ही संगणक बंद करून पुन्हा चालू केले. उपयोग झाला नाही. शेवटी मुख्याध्यापक आणि कारकून कागद घेऊन बाहेरच्या दुकानात गेले व रात्री उशिरापर्यंत अर्ज भरीत बसले. तरी दोन मुलींचे अर्ज राहिले. त्यांचे विलंब शुल्क आम्ही शिक्षकांनी मिळून भरले.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आले. त्यांना दोष शोधायला चार तास लागले. संगणक कक्षात एका तारेची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचलेली होती. हा स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. अनेक संगणकांच्या तारा जेथे एकत्र येतात, त्या पेटीला स्विच म्हणतात. काही संदेश सर्व संगणकांसाठी असतात. स्विच असा संदेश सगळीकडे पाठवतो. तारेचा असा फेरा झाला, तर तोच संदेश पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि इतर संदेशांना वाटच उरत नाही. मित्रांनो, ते लोंबकळणारे टोक नीटनेटके दिसावे म्हणून मीच खोचले होते! चूक माझी होती; पण तारेवर चिठ्ठी आणि भिंतीवर नकाशा असता, तर ती चूक पाच मिनिटांत सापडली असती.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नव्याने आराखडा केला. तो कसा केला, ते पाहा.

पहिले काम विचारण्याचे. कोणाला काय हवे, याची आम्ही यादी केली. कार्यालयात ४ संगणक, संगणक कक्षात ४०, ग्रंथालयात २. पुढील वर्षांत वाढ होईल, म्हणून काही जागा मोकळ्या ठेवल्या. शाळेचे जुने शिपाई, ज्यांना आम्ही सारे चाचा म्हणत असू, त्यांनाही विचारले. ते म्हणाले, "बाई, पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. तिकडून तार नेऊ नका." ही गोष्ट तंत्रज्ञांनाही माहीत नव्हती. ज्याला इमारत माहीत, त्याचा सल्ला मोलाचा!

दुसरे काम मोजण्याचे. नववीच्या मुलामुलींनी फीत घेऊन सारी शाळा मोजली. इथरनेटच्या तांब्याच्या केबलमध्ये आठ बारीक तारांच्या चार जोड्या असतात. एका केबलची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नसावी, असा नियम आहे. त्यापुढे संकेत क्षीण होतात. तार भिंतीच्या कडेने वळणे घेत जाते, म्हणून सरळ अंतर मोजून चालत नाही. दोन इमारती जोडायच्या असतील, तर ऑप्टिकल फायबर वापरणे चांगले. त्यात काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने संदेश जातात. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे आकाशातील विजेचा धक्का त्या तंतूतून दुसऱ्या इमारतीत पोहोचत नाही.

तिसरे काम हिशेबाचे. समजा, शाळेच्या इंटरनेटचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट आहे. ५० मेगाबाइटचा एक धडा ४० मुलांनी एकाच वेळी मागवला. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून एका धड्याचे ४०० मेगाबिट, आणि ४० धड्यांचे १६,००० मेगाबिट झाले. त्याला निदान १६० सेकंद लागतील. तोच धडा शाळेतल्याच एका मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर ठेवला आणि सर्व्हरच्या तारेचा वेग १,००० मेगाबिट असला, तर साधारण १६ सेकंद पुरतील. महाग इंटरनेट घेण्याआधी असा हिशेब करावा.

चौथे काम बंदोबस्ताचे. सर्वांचे गुण कार्यालयातील संगणकात असतात. ते संगणक कक्षातून कोणालाही दिसता कामा नयेत. म्हणून कार्यालय आणि संगणक कक्ष यांचे भाग आम्ही वेगळे केले. याचा दुसरा फायदा असा, की एका भागात बिघाड झाला तरी दुसरा सहसा चालू राहतो. तारेचा फेरा ओळखून ती वाट आपोआप बंद करणारे स्विचही मिळतात. आम्ही तसेच घेतले. वीज गेल्यास काम जपून बंद करता यावे, म्हणून यूपीएस बसवला. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवली.

पाचवे काम अगदी स्वस्त, पण सर्वांत उपयोगी. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावली. नकाशाची एक प्रत स्विचच्या कपाटावर चिकटवली. कोणी काही बदल केला, तर तो वहीत तारखेसह लिहायचा, असा नियम केला.

पुढच्या वर्षी अर्ज भरण्याच्या काळातच ग्रंथालयातील संगणक बंद पडला. चाचांनी नकाशा पाहिला, क्रमांक शोधला आणि सैल झालेली तार घट्ट बसवली. तिकडे कार्यालयात अर्ज भरण्याचे काम क्षणभरही थांबले नाही.

मित्रांनो, नकाशा, अर्ज, हिशेब, बंदोबस्त हे शब्द तुम्ही उर्दूतही वापरता. या शब्दांचे अर्थ तुम्हाला माहीतच आहेत. आता त्यांप्रमाणे काम करायला शिका. तार कोणीही ओढू शकतो. परंतु ती कोठून, कोणासाठी आणि कशासाठी न्यायची, याचा आधी विचार करतो, तोच खरा कारागीर होय.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इथरनेटच्या तांब्याच्या केबलची लांबी जास्तीत जास्त किती असावी?
(आ) चाचांनी कोणता सल्ला दिला?

२. कारणे द्या.
(अ) शाळेतील सारे संगणक ठप्प झाले.
(आ) दोन इमारती जोडण्यासाठी ऑप्टिकल फायबर वापरणे चांगले.

३. उपक्रम : तुमच्या शाळेचा नकाशा काढा. त्यात स्विच कोठे ठेवाल, ते दाखवा व कारण लिहा.