अडखळणाऱ्या मुलाचं गाणं

बालमित्रांनो, वर्गात कुणी अडखळत बोललं तर तुम्ही हसता का? मग बिल विदर्सची गोष्ट ऐकाच.

बिल १९३८ साली अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसा खाणीच्या गावी जन्मला. तो तोतरा बोलायचा. तेराव्या वर्षी वडील वारले. पुढे त्यानं नऊ वर्षं नौदलात नोकरी केली. मग कारखान्यात विमानांची शौचालयं बनवली. होय, शौचालयं! जुनी गिटार घेऊन तो स्वतःच शिकला.

१९७१ मध्ये, तिशी उलटल्यावर, त्याची पहिली तबकडी निघाली. मुखपृष्ठावर बिल उभा आहे, हातात कारखान्यात न्यायचा जेवणाचा डबा! तिच्यातल्या ‘एन्ट नो सनशाइन’ला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यांतून फुललेल्या ‘सोल’ संगीतात त्याचं नाव झालं. १९७२ चं ‘लीन ऑन मी’ त्याला गावच्या माणसांवरून सुचलं. तिथे शेजारी एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जात.

२०२० मध्ये बिल गेला. गाणी मात्र आजही गायली जातात.

तेव्हा मुलांनो, मित्र शब्दावर अडला तर हसू नका, त्याचं वाक्यही तुम्ही पुरं करू नका. जरा थांबा. त्याला सांगायचंय, बरं का!