कंपनीतल्या जागांसाठी अर्ज किती करावेत?

मोठ्या कंपन्यांत रिकामी झालेली जागा पुष्कळदा आधी आतल्या कर्मचाऱ्यांसाठी खुली केली जाते; या पद्धतीला 'इंटर्नल जॉब पोस्टिंग' आणि बोलताना 'आयजेपी' म्हणतात. सध्याच्या कामावर ठरावीक काळ पूर्ण झालेला असणे आणि व्यवस्थापकाने 'रिलीज' देणे, म्हणजे कर्मचाऱ्याला मोकळे करण्याची तारीख मान्य करणे, या तिच्या नेहमीच्या अटी आहेत. मॅथ्यू बिडवेल यांनी 2011 साली एका गुंतवणूक बँकेतील नोंदींवरून दाखवले की, बाहेरून आलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे 18 टक्के जास्त पगार मिळतो, तरी पहिली दोन वर्षे त्यांचे काम तुलनेने कमी प्रतीचे ठरते. म्हणजे आतल्या उमेदवाराची बाजू मुळातच दुबळी नसते.

प्रश्न येतो तो एकाच वेळी दोन-तीन जागा निघतात तेव्हा. बाहेरच्या दहा कंपन्यांकडे केलेले दहा अर्ज सहसा एकमेकांना भेटत नाहीत, परंतु कंपनीच्या आत ते एकाच मनुष्यबळ विभागाच्या नोंदीत शेजारीशेजारी दिसतात आणि निवड करणारे दोघे व्यवस्थापक उमेदवाराच्या सध्याच्या वरिष्ठाकडेच चौकशी करतात. समजा, हिंजवडीतील एखाद्या सॉफ्टवेअर टेस्टरने चाचण्यांच्या स्वयंचलनाची आणि बिझनेस अ‍ॅनालिस्टची, म्हणजे ग्राहकाची गरज समजून घेऊन ती नेमक्या शब्दांत मांडण्याची, अशा दोन्ही जागांसाठी अर्ज केला आणि 'ही जागा का हवी?' या रकान्यात एकीकडे कोडिंगची ओढ, तर दुसरीकडे कोडिंगपासून दूर जाण्याची इच्छा लिहिली, तर दोन्ही अर्जांवरचा विश्वास उडतो. तेच, चुका उत्पादन तयार होण्याआधीच पकडता याव्यात, हा एकच हेतू त्याला दोन्हीकडे खरेपणाने सांगता आला, तर दोन अर्जांत काहीही वावगे नाही. मात्र पहिली पसंती कोणती, हे दोन्ही व्यवस्थापकांना त्याने स्वतःहून सांगावे, कारण ते त्यांना इतरांकडून कळणारच असते.

नकाराचा विचार याहून महत्त्वाचा आहे. जे. आर. केलर आणि कॅथरिन डलूगोस यांनी 2021 साली एका मोठ्या अमेरिकी कंपनीतील 9,000 हून अधिक नकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अंतर्गत जागेसाठी नाकारले गेलेले कर्मचारी नोकरी सोडण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळली, परंतु निवड करणाऱ्या व्यवस्थापकाने मुलाखत घेऊन नाकारलेल्यांत ती त्याआधीच वगळलेल्यांच्या निम्मी होती. मुलाखतीने पुढच्या संधीची आशा टिकते, तर चाळणीतच गळालेला अर्ज ती संपवतो, आणि सरसकट केलेल्या अर्जांच्या वाट्याला असे गळणेच अधिक येते. म्हणून जिथे मुलाखतीपर्यंत पोहोचण्याइतकी तयारी आहे आणि निवड झाल्यास जी जागा खरोखर स्वीकारली जाईल, तेवढ्याच जागांसाठी अर्ज करावा. असे अर्ज क्वचितच दोनाच्या पुढे जातात. मनुष्यबळ विभागांनीही आतल्या उमेदवाराला ठरावीक साच्यातल्या ईमेलवर वाटेला लावू नये. निदान नकाराचे कारण त्याला समोर बसवून सांगावे.