एलईडी दिवा आणि उष्णतेचा निचरा
टंगस्टन तारेच्या ६० वॅटच्या दिव्याऐवजी ९ वॅटचा एलईडी दिवा लावल्यास प्रकाश जवळजवळ तितकाच मिळतो. रोज ५ तासांचा वापर धरल्यास वर्षाकाठी सुमारे ९३ युनिट वीज वाचते. तथापि दोहोंची प्रकृती भिन्न आहे. तप्त तार बहुतेक ऊर्जा उष्ण किरणांच्या रूपाने बाहेर टाकते व तिला भोवतालची उष्णता बाधत नाही. एलईडीतील अर्धसंवाहकाची उष्णता मात्र दिव्याच्या बुडातून वाहून हवेत जावी लागते. जुन्या बंद काचेच्या हंडीत हा निचरा खुंटतो. बुडातील कपॅसिटर तापून लवकर निकामी होतो आणि दिव्याचे आयुष्य घटते. सबब दिवा बदलताना हंडी हवेशीर आहे किंवा कसे, हेही पाहणे अगत्याचे होय.