उत्तरं जळाली, काम उरलं

रायपूरच्या बूढा तालाब भागात सप्रे शाळा आहे आणि तिकडे लाखेनगर. रिक्षात बसताना आपण ही नावं सहज घेतो. ती दोन मित्रांची आहेत, हे मात्र ध्यानात राहत नाही.

या मैत्रीचं मोल मला लंडनच्या एका पत्रव्यवहारामुळे उमगलं. चार्ल्स डिकन्सने अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य, दानशूर मैत्रिणीला लिहिलेली पाचशेहून अधिक पत्रं आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत. सप्टेंबर १८४३ मध्ये त्याने तिला गरीब मुलांच्या एका शाळेची दैना कळवली. त्याच डिसेंबरात ‘अ ख्रिसमस कॅरोल’ प्रसिद्ध झालं. २६ मे १८४६ च्या लांबलचक पत्रात त्याने निराधार, तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृहाची योजना मांडली. पुढच्याच वर्षी तिच्या पैशातून ‘युरेनिया कॉटेज’ उभं राहिलं. तिथल्या मुलींच्या कपड्यांना उदास रंग नकोत, यासाठीही तो झटला. मुलींची शिस्त, शिकवण, मग परदेशी पाठवून नवा संसार, या सगळ्याचा खल पत्रांतून चाले. कादंबरीतली करुणा इथे बाजारहाटापर्यंत उतरली होती.

पण १८६० मध्ये डिकन्सने स्वतःला आलेली पत्रं अंगणात जाळली. अँजेलाचा आवाज आपल्याला बहुतेक त्याच्या उत्तरांतूनच ऐकावा लागतो. लिहिणारा कागदावर उरतो आणि देणारा कामात.

रायपुरातही तेच झालं. घरी मराठी बोलणारे माधवराव सप्रे (१८७१–१९२६) पेंड्र्याला राजकुमाराचे शिक्षक होते. तिथून जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. संपादनात रामराव चिंचोलकर सोबतीला होते आणि प्रकाशक होते वामन बळीराम लाखे. आरंभीचे अंक रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात निघाले. १९०१ मध्ये त्यात सप्रेंची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. जमीनदाराने झोपडी बळकावलेली विधवा तिथली टोपलीभर माती मागते आणि त्यालाच ती टोपली उचलायला हात लावायला सांगते. ती त्याला उचलत नाही, आणि तिथेच त्याचे डोळे उघडतात.

तोटा सोसवेना, म्हणून १९०२ च्या अखेरीस मासिक थांबलं. पुढे सप्रेंनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं, १९११ मध्ये रायपुरात मुलींची शाळा काढली. लाखेंनी शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवणारी सहकारी पतव्यवस्था रायपुरात रुजवली, आणि असहकाराच्या काळात ‘रावसाहेब’ किताब सोडला.

एकाने कथेत मांडलेलं ओझं दुसऱ्याने शेतकऱ्याच्या खांद्यावरून उतरवायला घेतलं. म्हणून जुन्या अंकावर ‘प्रकाशक’ हा शब्द दिसला, की त्यापुढचं नावही वाचावं. त्या मैत्रीतलं लाखेंचं पत्र तेच आहे.