मार्चमधला शेरा

9.35
बायोमेट्रिकवर अंगठा. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला आणि कचेरीची वेळ 9.45 ते 6.15 झाली. वेळेवर येणाऱ्याचं कौतुक कुणी करत नाही. उशिरा येणाऱ्याचं नाव मात्र लगेच होतं.

10.00
साहेब यायच्या आत शिपाईमामांशी दोन शब्द. याला कुणी लाळघोटेपणा म्हणेल, म्हणू दे. ‘अमुक जागेवर नसतात’ हे साहेबांच्या कानावर बहुतेक वेळा चहाच्या ट्रेबरोबरच जातं.

10.30
टिपण्या. माझी खरी ओळख इथे ठरते, कारण साहेब मला दिवसातून दहा मिनिटं पाहतात आणि माझी नस्ती तासभर. आज एक निवृत्तिवेतनाचं प्रकरण आहे, सेवापुस्तकात एका वेतननिश्चितीची पडताळणीच नाही. नियम लिहिला, अडचण लिहिली, उपाय सुचवला आणि खाली ‘मान्यतेस्तव सादर’. ‘उचित आदेशार्थ सादर’ लिहिलं असतं तर अंगाला काही लागलं नसतं. पण मग विचार करायचं काम साहेबांच्या गळ्यात पडतं, आणि कोण कायम असं करतं हे ते बरोबर लक्षात ठेवतात.

12.15
कोषागारातून देयक आक्षेप लागून परत आलं. 31 मार्चला निधी व्यपगत होणार, म्हणजे लेखा शाखेकडून बोंब व्हायच्या आत आपणच सांगितलेलं बरं. “साहेब, देयक परत आलंय. आज त्रुटी काढतो, उद्या सकाळी पुन्हा जाईल.” चूक कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. मीही बोललो नाही. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम तेवढ्यापुरत्या टाइप करायच्या थांबल्या होत्या.

1.30
डबा. जो रजेवर, त्याच्यावर चर्चा. मी भाजी वाढून घेतो.

3.00
स्वयंमूल्यमापनाचा कच्चा मसुदा. ‘सोपवलेली सर्व कामे वेळेत केली’ हे सगळेच लिहितात आणि कुणीच वाचत नाही. मी प्रकरणं लिहितो: किती आली, किती निकाली, कुठली कशामुळे अडली. नाहीतर पदरात ‘चांगला’ पडतो, आणि तो शेरा वाटतो तितका चांगला नसतो. सीमा रस्त्यांच्या खात्यातले अभियंता देव दत्त यांना 1993-94 च्या अहवालात ‘चांगला’ मिळाला होता. बढतीला ‘खूप चांगला’ लागत होता. तो शेरा त्यांना कुणी कळवलाच नव्हता. बढती हुकल्यावर ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेरा कसाही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निकाल 2008 साली लागला. तेव्हा शेरा मागून घ्यायला लाजू नये.

4.40
मॅडम न बोलावता आल्या. देयकाची दुरुस्त प्रत त्यांनीच करून आणली होती.

6.15
निघतो. साहेबांची गाडी हलेपर्यंत संगणक उगाच चालू ठेवणारे दोघे-तिघे बसलेत. परवा साहेबांनी जाता जाता त्यातल्या एकाला विचारलं, “काय हो, घरी भांडण झालंय का?”